खाऱ्या तळ्यातून सूर्यप्रकाशावर मीठ: तळे निवडताना नेमके काय पाहावे?

प्रश्न: मीठवाले, लक्ष्मीपुरी

नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून जाड्या मिठाचा व्यापार आहे. कच्ची कातडी खारवणारे, बर्फाचे कारखाने आणि जनावरांना चाटण देणारे गोठेवाले हे आमचे मुख्य गिऱ्हाईक. आजोबांच्या वेळी शिरोड्याचे मीठ घाट चढून येत असे. आता जवळजवळ सगळा माल गुजरातेतून ट्रकने येतो.

गेल्या वर्षी ऐन एप्रिलमध्ये एका पुरवठादाराकडून आलेला माल आमच्या अंगलट आला. पाऊस सुरू होण्यास दीड महिना अवकाश असताना पोती पाझरू लागली, आणि त्या मिठात रचून ठेवलेल्या कातड्यांच्या आतल्या बाजूला तांबडे डाग उमटले. ज्या कुटुंबाची ती कातडी होती त्यांच्याकडे कोल्हापुरी चपलांचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. नुकसानभरपाई मी दिली. पण त्यांच्या अंगणात पसरलेली ती डागाळलेली कातडी पाहिल्यापासून आपण कोणत्या मिठाचा व्यापार करतो हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे, असे मनाने घेतले आहे.

आता विचार असा आहे की स्वतःचा किंवा भागीदारीतला मिठाचा स्रोत असावा. राजस्थानात नागौर भागात राहणारे एक परिचित सांगतात की सांभर, डिडवाना यांसारख्या खाऱ्या तळ्यांच्या पट्ट्यात लहानमोठी खारट पाण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत आणि तिथे केवळ उन्हावर मीठ पिकते. दुसरीकडे शिरोळ तालुक्यातील माझे मेहुणे म्हणतात की त्यांची चार एकर जमीन क्षारपड होऊन तिच्यावर पांढरा थर येतो, तेव्हा इतके लांब जाण्यापेक्षा तिथेच वाफे का पाडू नयेत? आणि ज्याला ज्याला विचारावे तो लोणारचे नाव घेतो.

तळे किंवा खारट विहीर पाहायला गेल्यावर सर्वांत आधी काय तपासावे, आणि कोणत्या कारणांसाठी एखादी जागा सरळ सोडून द्यावी, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे अशी विनंती आहे.

उत्तर: वेंगुर्लेकर

आपल्या भागाला सर्वांत जवळचे मीठ अजूनही शिरोड्याचेच आहे. १९३० च्या मे महिन्यात जिथे मिठाचा सत्याग्रह झाला तेच हे गाव. पावसाळा संपून जमीन वाळली की वाफे दुरुस्त करायचे आणि मेअखेरपर्यंत मीठ काढायचे, एवढाच काळ हाती असतो. एक वळिवाची सर आली तरी वाफ्यातले तयार मीठ पाण्यात जाते. तुम्ही तळे शोधायला निघाला आहात म्हणून एकच सांगतो: जागा पाहायला जाताना तिथल्या पावसाचा हिशेब आधी मांडा, पाण्याची चव नंतर घ्या. बाकी रसायनशास्त्र ज्यांना येते ते सांगतीलच.

उत्तर: रसायनशिक्षक (निवृत्त), राजारामपुरी

मीठवाले, पाणी किती खारट आहे हा प्रश्न दुसरा. ते कोणत्या क्षारांमुळे खारट आहे हा पहिला. मृत समुद्राचे पाणी साध्या समुद्रापेक्षा नऊ-दहा पट खारट आहे, परंतु त्यातील क्षारांत सर्वांत मोठा वाटा मॅग्नेशियम क्लोराइडचा आहे, खाण्याच्या मिठाचा नाही. लोणारचे पाणी खारट आहेच, शिवाय त्याचा सामू (पीएच) १० च्या आसपास असतो, कारण त्यात सोड्याचा म्हणजे सोडियम कार्बोनेटाचा भाग मोठा आहे. डिडवान्याचे तळे सोडियम सल्फेटासाठी प्रसिद्ध आहे. जिभेला ही सगळी पाणी ‘खारट’च लागतात, वाफ्यात मात्र प्रत्येकाचे वागणे निराळे असते.

तुलनेसाठी समुद्राचे पाणी घ्या, कारण मिठागराची सगळी रीत त्याच्यावर बसलेली आहे. त्यात दर लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांपैकी सुमारे २७ ग्रॅम सोडियम क्लोराइड. घनतामापीवर ते सुमारे साडेतीन बोमे अंश दाखवते (बोमे हे द्रावणाच्या घट्टपणाचे माप). ऊन लागून ते घट्ट होऊ लागले की प्रथम चुनखडी खाली बसते, पुढे पाणी मूळच्या चौथाईवर आले की जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) बसू लागते, आणि जेव्हा ते दहाव्या हिश्श्यावर येऊन घनता २५ ते २५.५ बोमेपर्यंत पोहोचते तेव्हा मिठाचे स्फटिक धरू लागतात. २९-३० बोमेपर्यंत मीठ घ्यायचे आणि उरलेले कडवट पाणी, ज्याला बिटर्न म्हणतात, बाहेर काढायचे. म्हणून मिठागरात वाफ्यांची साखळी असते: चुनखडी आणि जिप्सम आधीच्या वाफ्यांत टाकून यायचे, मीठ शेवटच्या वाफ्यात घ्यायचे आणि मॅग्नेशियम पाण्यासोबत घालवायचे. तिसऱ्या गोष्टीत ज्याने हात आखडता घेतला, म्हणजे चार पोती जास्त मिळावीत म्हणून ३० बोमेच्या पुढेही वाफा आटू दिला, त्याचे मीठ पाझरते.

तुमची पोती एप्रिलमध्ये पाझरली याचे कारण मला इथेच दिसते. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय ओलावा ओढत नाही. म्हणूनच आपल्याकडे मिठाची बरणी जुलैत ओलावते आणि मार्चमध्ये खडखडीत कोरडी असते. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ३३ टक्के आर्द्रताही पुरते. उन्हाळ्यात पोते ओले होत असेल तर बिटर्न नीट निथळून न काढता माल भरला गेला असावा, असा तर्क करायला पुष्कळ आधार आहे. चिमूटभर मीठ स्वच्छ पाण्यात विरघळवून ते गाळा आणि त्यात चुन्याची निवळी घाला. दाट पांढरा गढूळपणा आला तर मॅग्नेशियमचा संशय बळावतो. खात्रीचा आकडा अर्थात प्रयोगशाळेतूनच घ्यावा.

आता तळ्यांकडे येतो. खारे तळे होण्यासाठी त्याच्या खोऱ्याला बाहेर जाणारी वाट नसावी लागते. पाणी येते, क्षार आणते, वाफ होऊन जाते आणि क्षार मागे ठेवते. हे हजारो वर्षे चालले की तळे खारावते. सांभर असे आहे. अरवलीच्या कुशीतले उथळ खोरे, मेंढा आणि रूपनगढसारख्या नद्यांचे पाणी त्यात येते आणि तिथेच राहते. तिथला क्षार मुळात कुठून आला यावर जुना वाद आहे. थॉमस हॉलंड आणि क्रिस्टी यांनी १९०९ मध्ये असे मांडले की उन्हाळ्यातील नैऋत्येचे वारे कच्छच्या रणातून मिठाची धूळ उडवून राजस्थानात आणतात. पुढच्या अभ्यासकांनी खडकांच्या झिजेलाही महत्त्व दिले. आपल्याकडे मात्र पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिळते आणि कृष्णा सगळे बंगालच्या उपसागरात नेऊन सोडते. सह्याद्रीच्या पूर्वेला पडणाऱ्या पाण्याला बाहेरची वाट आहे, म्हणून कोल्हापूर, सांगली, साताऱ्यात खारे तळे सापडणार नाही. शोधण्यात वेळ घालवू नये.

लोणार हा याला अपवाद आहे, कारण ते नदीच्या खोऱ्याने घडवलेले तळे नव्हे. उल्केच्या आघाताने बसाल्टात पडलेले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर आहे आणि त्याला बाहेरची वाट नाही. बसाल्टाची झीज होताना पाण्यात बायकार्बोनेट पुष्कळ येते. असे पाणी आटू लागले की थोडाफार कॅल्शियम व मॅग्नेशियम चुनखडीच्या रूपाने आधीच बसून जातो, कार्बोनेट उरते आणि पाणी सोड्याचे होते. म्हणजे दख्खनच्या खडकात खोरे बंद झाले तरी तयार होणारे तळे मिठापेक्षा सोड्याकडेच झुकणार. पूर्वी लोणारचा हा खार काच, बांगड्या आणि साबणाच्या कामी काढत असत. घरोघरच्या पापडखाराच्या जातीचाच तो.

राजस्थानच्या तळ्यांत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही: शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम, थंडीतही आणि उन्हातही. सोडियम सल्फेटाचे तसे नाही. ३२ अंश सेल्सिअसला ते सुमारे ५० ग्रॅम विरघळते, तर शून्याजवळ जेमतेम ५ ग्रॅम. तिथली हिवाळी रात्र गोठवणारी असते, आणि पाण्यात सल्फेट असेल तर पहाटे वाफ्यात काचेसारखे लांब खडे दिसतात. नवखा माणूस त्यांना मीठ समजतो. सांभरच्या पाण्यात मिठाबरोबर सल्फेट आणि कार्बोनेट दोन्ही आहेत, म्हणूनच तिथे मीठ कोणत्या घनतेला काढायचे आणि उरलेले पाणी कुठे सोडायचे याला फार महत्त्व आहे. ते परत तळ्यात सोडत राहिले तर वर्षानुवर्षे तळ्यातला मिठाचा वाटा घटतो आणि नको असलेल्या क्षारांचा वाढतो.

जागेवर काय करावे, हे तुम्ही विचारले आहे. बोमे मोजणारा काचेचा घनतामापी, सामूचा कागद आणि पाच-पाच लिटरचे स्वच्छ कॅन घेऊन जा. एकाच जागेचे पाणी घेऊ नका. काठाचे, मधले आणि काठापासून काही अंतरावर खणलेल्या खड्ड्यातले वेगवेगळे घ्या, आणि शक्य असल्यास पावसाळ्यानंतर लगेच व उन्हाळ्याच्या तोंडावर असे दोनदा घ्या. घरी पसरट ट्रेमध्ये उन्हात आटवा. दर टप्प्याला घनता लिहा, खाली बसलेला थर वेगळा काढा, वाळवून वजन करा, आणि प्रत्येक थर वेगळ्या पुडीत प्रयोगशाळेला द्या. क्लोराइड, सल्फेट, कार्बोनेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम असे पाच आकडे मागा. एकूण क्षारांचा एकच आकडा घेऊन परत आलात तर तुमच्या हाती काही आले नाही असे समजा. भावनगरची केंद्रीय मीठ व सागरी रसायने संशोधन संस्था १९५४ पासून हेच काम करते आहे. मोठी गुंतवणूक करण्यापूर्वी तिथे नमुना दाखवलेला बरा.

राहिले तांबडे डाग. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले होते ते आपल्या सर्वांना आठवत असेल. ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांमुळे झाले असे नंतरच्या तपासणीत आढळले. त्याच कुळातले जीव मिठागराच्या शेवटच्या वाफ्यांना लाल रंग देतात आणि उन्हात तयार झालेल्या मिठाच्या खड्यांत अडकून जिवंत राहतात. वाफ्यात ते उपयोगीच असतात, कारण लाल पाणी ऊन अधिक शोषते आणि लवकर आटते. कातड्यावर मात्र ओल आणि उष्णता मिळाली की ते पसरतात. पाझरणारे मीठ आणि एप्रिलची गोदामातली उष्णता एकत्र आली, म्हणून तुमच्याकडे दोन्ही संकटे एकदम दिसली.

मीठवाले, लक्ष्मीपुरी

सर, मनापासून आभार. तीस वर्षे मीठ विकतो आहे, पण पाझरण्याचा आणि डागांचा असा संबंध आजवर कोणी समजावला नव्हता. शिल्लक ठेवलेल्या एका पोत्यातले मीठ चुन्याच्या निवळीत घालून पाहिले; दुधासारखे झाले.

आता दोन गोष्टी विचारतो. त्या मिठासारखे मीठ धुऊन घेतले तर कातड्यांसाठी वापरता येईल का? आणि प्रत्यक्ष मिठाच्या कामावर राहिलेले कोणी इथे असतील तर तळ्याच्या पाण्याऐवजी खाऱ्या विहिरीवर काम करणे कितपत जमते, तेही सांगावे.

उत्तर: खाराघोड्याला राहिलेला

माझे मूळ गाव कागल तालुक्यात. नोकरीच्या निमित्ताने अकरा हंगाम कच्छच्या छोट्या रणाच्या काठावर काढले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. मीठ धुता येते, पण साध्या पाण्याने धुतले तर मीठच वाहून जाते. शुद्ध मिठाचे संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही असे, द्रावण करून त्याने धुवायचे, म्हणजे खड्यांवर चिकटलेले मॅग्नेशियम जाते आणि मीठ राहते. नंतर उंच ढीग करून आठ-पंधरा दिवस निथळू द्यायचे. डाग आणणारे जीव मात्र धुण्याने पूर्ण जात नाहीत, म्हणून कातड्यांसाठी मी ते मीठ वापरणार नाही. बर्फाच्या कारखान्याला द्या. आणि एकदा कातड्यांवर वापरलेले मीठ झटकून दुसऱ्या ढिगावर टाकण्याची सवय आपल्याकडे आहे, ती तुमच्या गिऱ्हाइकांना आवर्जून सोडायला सांगा.

आता विहिरीविषयी. छोट्या रणात तळ्याचे पाणी वापरत नाहीत. पावसाळ्यात सगळे रण पाण्याखाली असते, दसऱ्याच्या सुमारास ते ओसरते, आणि अगरिया, म्हणजे मीठ पिकवणारी, कुटुंबे आत जाऊन विहिरी खणतात किंवा बोअर मारतात. जमिनीखालचे पाणी समुद्रापेक्षा कितीतरी घट्ट असते. दहा बोमेच्या पुढचे पाणी लागले तर माणूस खूश होतो. हिशेब साधा आहे. समुद्राच्या पाण्यातून एक टन मीठ मिळवायचे तर, काहीही न गळता, ३७ हजार लिटर पाणी लागते. लिटरला शंभर ग्रॅम मीठ असलेली विहीर मिळाली तर तेच काम दहा हजार लिटरमध्ये होते, म्हणजे वाफ्यांची जागा, पंपाचे इंधन आणि दिवस सगळेच चौथाईवर येते. म्हणून मी तर म्हणेन की तळे पाहायला गेलात तरी त्याच्या काठची आणि तळाखालची खारी पाणीपातळी आधी पाहा. राजस्थानातल्या पचपदऱ्यालाही पिढ्यान्‌पिढ्या खड्डे खणूनच मीठ काढत आले आहेत.

मात्र शंभर वेळा सांगावी अशी गोष्ट म्हणजे वाफ्याचा तळ. आम्ही पाटा म्हणतो तो वाफा कुटुंबातली सगळी माणसे अनवाणी पायांनी दिवसेंदिवस तुडवतात, कारण चिकणमाती घट्ट बसली नाही तर वर उन्हाने जितके पाणी जाते तितकेच खाली जमिनीत जाते. समजा तुमच्याकडे दिवसाला पाच मिलिमीटर निव्वळ बाष्पीभवन आहे आणि तळातून दोन मिलिमीटर गळते आहे. ते दोन मिलिमीटर नुसते पाणी नसते. त्याच्याबरोबर तुमचे मीठ जाते, आणि पाणी जितके घट्ट होत जाते तितके प्रत्येक मिलिमीटरबरोबर जास्त मीठ जाते. शिवाय घट्ट पाणी गोड्या पाण्याच्या वेगाने आटतही नाही. मीठ धरण्याच्या टप्प्याला वेग पाऊणपटीच्या खाली येतो. आपल्या काळ्या मातीत वाफा कराल तर ती वाळल्यावर भेगाळते, हेही लक्षात ठेवा. जागा पाहताना एक हात खोल खड्डा करून त्यात खारे पाणी भरा, वर झाकण घाला आणि दुसऱ्या दिवशी किती उतरले ते मोजा. झाकलेल्या खड्ड्यातून जे गेले ते खाली गेले.

सांभरला पद्धत निराळी आहे. तिथे सुमारे पाच किलोमीटरचा दगडी बांध घालून तळ्याचा पूर्वेकडचा भाग वेगळा केला आहे. पावसाचे पाणी पश्चिमेच्या मोठ्या भागात साठते, तळातले क्षार घेऊन घट्ट होते, मग ते पूर्वेला घेतात आणि पुढे क्यारांत, म्हणजे वाफ्यांत सोडतात. तळ्यावर अवलंबून राहायचे म्हणजे पावसावर दोन्हीकडून अवलंबून राहायचे: फार झाला तर पाणी पातळ, अगदीच कमी झाला तर पाणीच नाही.

आणि एक विनंती. मीठ कोणाकडूनही घ्या किंवा स्वतः पिकवा, पण वाफ्यात उभे राहणाऱ्या माणसांचा खर्च हिशेबात पहिल्या ओळीत धरा. गमबूट, डोळ्यांना चष्मा, प्यायला गोडे पाणी. आठ महिने रणात राहून, हंगामाआधी घेतलेली उचल फेडता फेडता हातात काही न उरलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. गेल्या काही वर्षांत तिथे डिझेलच्या जागी सौर पंप आले, आणि ज्यांना ते मिळाले त्यांच्या घरात फरक पडलेला मला दिसला. तुम्हाला स्वच्छ आणि नीट निथळलेले मीठ हवे असेल, तर स्वतः तळे घेण्यापेक्षा अशा चार-पाच कुटुंबांशी हंगामाआधी दर ठरवून, घनतामापी हातात घेऊन करार करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वाफा ३० बोमेच्या आत रिकामा करण्याबद्दल त्यांना जादा दर द्या. ते आनंदाने करतील, कारण आज तसे करण्यात त्यांचाच तोटा होतो.

उत्तर: शिरोळचा शेतकरी

मीठवाल्यांच्या मेहुण्यांना माझा निरोप सांगावा. आमचीही अडीच एकर अशीच गेली होती, म्हणून हे जिव्हाळ्याने लिहितो आहे.

क्षारपड जमीन आणि खारे तळे यांची तुलनाच होत नाही. जमिनीच्या क्षारांची विद्युत वाहकता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर गेली की तिला आपण क्षारयुक्त म्हणतो. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. चारच्या पाण्यात लिटरला फार तर अडीच ग्रॅम क्षार, म्हणजे एक टन क्षारांसाठी चार लाख लिटर पाणी आटवायचे, आणि हाती येणार ते मीठ, सल्फेट, सोडा यांचे मिश्रण. आमच्या मातीचा अहवाल आला तेव्हा सामू साडेआठच्या वर होता आणि सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे, म्हणजे जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट होऊन निचरा थांबलेली) होण्याच्या वाटेवर होती. अशा जमिनीवर दिसणारा पांढरा थर हे उत्पन्न नाही. उसाला वर्षानुवर्षे पाटाने बेसुमार पाणी दिले, निचरा नव्हता, पाणीपातळी वर आली आणि केशाकर्षणाने क्षार पृष्ठावर आले, त्याची ती खूण आहे.

त्या जमिनीत वाफे पाडून खारे पाणी मुद्दाम साठवले तर शेजाऱ्यांचीही जमीन जाईल. आमच्या तालुक्यात जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा करण्याचे काम मोठ्या क्षेत्रावर झाले आहे. चोपण भागाला जिप्सम, मग हिरवळीचे खत म्हणून धैंचा, आणि पाइपांतून क्षारांचे पाणी बाहेर. आमच्या शेतात तिसऱ्या वर्षी ऊस पुन्हा कमरेच्या वर गेला. चार एकरांचा प्रश्न असेल तर मेहुण्यांना आमच्या बांधावर पाठवा. ज्यांनी आमचे काम केले त्यांच्याशी गाठ घालून देतो.

उत्तर: पाणथळप्रेमी, कळंबा

वर कायद्याचा विषय आला नाही, तो थोडक्यात. लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीतही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही, आहे; तिथून काहीही काढण्याचा विचार सोडून द्यावा. सांभर १९९० पासून त्या यादीत आहे, आणि मीठ काढण्याचे काम तिथे सरकारी कंपनीकडे आहे. काठाकाठाने खासगी बोअर मारून तळ्याखालचे खारे पाणी उपसण्यावर तिथे अनेक वर्षे तक्रारी चालू आहेत. स्वस्तात मिळणारी ‘लहान खारी जागा’ नेमकी अशा काठावरची आहे का, हे महसुली नकाशावर पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. छोटे रणही जंगली गाढवांचे अभयारण्य आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सांभरला हजारो पक्षी बोट्युलिझमने, म्हणजे जिवाणूंच्या विषाने, मेले. हिवाळ्यात मी तिथे रोहित पाहिले आहेत. उथळ खाऱ्या पाण्यात वाकड्या चोचीने शेवाळ आणि किडे गाळून खाणारा तो थवा पाहिला की तळे म्हणजे नुसते मिठाचे भांडार नव्हे हे सांगावे लागत नाही. माणसांच्या खाण्यासाठी म्हणून मीठ विकाल तर त्यात आयोडीन घालणे बंधनकारक आहे. कातडी आणि बर्फाच्या मिठाची पोती त्यापासून वेगळी आणि स्पष्ट खुणेची ठेवावीत.

मीठवाले, लक्ष्मीपुरी

सर्वांचे ऋण मानतो. नागौरच्या परिचितांकडून गट क्रमांक मागवले होते. तीनपैकी दोन जागा तळ्याच्या अगदी काठाच्या निघाल्या, त्यांना नकार कळवला. तिसऱ्या जागेचे आणि मेहुण्यांच्या चरातले असे दोन कॅन पाणी मिळाले. गच्चीवर स्टीलच्या परातीत नऊ दिवस आटवले.

मेहुण्यांच्या पाण्याचा शेवटी राखट पांढरा पापुद्रा राहिला, चवीला तुरट-कडू. त्यावर लिंबू पिळले तर फसफसले. राजस्थानच्या पाण्याची सुरुवात ६ बोमेला झाली, २५ च्या पुढे चौकोनी खडे धरले, पण त्यांच्यावरही लिंबू किंचित फसफसले. म्हणजे त्यातही सोडा आहे असे धरून ती जागा सोडावी का? खाराघोड्याच्या दादांनी सुचवलेला करार करण्याकडे माझे मन झुकले आहे, पण हाती आलेला नमुना समजून घेतल्याशिवाय टाकून द्यावासा वाटत नाही.

उत्तर: रसायनशिक्षक (निवृत्त), राजारामपुरी

इतक्यात सोडू नका, आणि इतक्यात घेऊही नका. लिंबाने फसफसणे ही कार्बोनेटाची खूण आहे. पण चुनखडीही कार्बोनेटच आहे, आणि परात एकच असल्यामुळे सुरुवातीला बसलेली चुनखडी तुमच्या खड्यांना तळाशी चिकटलेली असणार. दोन्हींतला फरक पाण्यात विरघळण्याचा आहे: सोडा विरघळतो, चुनखडी जवळजवळ नाही.

चार चमचे खडे अर्धा कप पाण्यात विरघळवा, रात्रभर ठेवून वरचे नितळ पाणी गाळणकागदातून गाळा. त्या नितळ पाण्याचा सामू पाहा आणि त्यातच लिंबू पिळा. सामू ७-८ च्या आसपास असेल आणि बुडबुडे आले नाहीत, तर फसफसणारी चुनखडी होती. सामू ९ च्या वर गेला तर सोडा आहे. मेहुण्यांच्या पापुद्र्यावरही हीच कृती करून पाहा. शिरोळचे गृहस्थ म्हणतात तसे जिप्सम किती लागेल याचा अंदाज बांधायला त्याचाही आकडा मातीच्या अहवालाबरोबर उपयोगी पडेल. पुढच्या वेळी परात एक न वापरता तीन वापरा: १५ बोमेला पाणी दुसरीत ओता, २५ ला तिसरीत. आणि शेवटच्या परातीतले पाणी पूर्ण आटू देऊ नका. २९ ला ओतून काढा, खडे चाळणीत निथळत ठेवा आणि मगच वजन करा. आकडे इथे लिहिलेत तर आपण सल्फेटाकडे वळू. त्यासाठी रात्री तीच परात फ्रिजमध्ये ठेवून पाहायची आहे.